कोणत्याच साच्यात न बसणारी कथा कोणत्या अंकाकडे पाठवावी?

कांडीवाली (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते आणि गेली बारा वर्षे कथा लिहिते आहे. आजवर माझ्या सात कथा छापून आल्या. त्या सगळ्या घरगुती वळणाच्या असल्यामुळे कोठे पाठवायच्या, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो आठव्या कथेने उभा केला आहे.

कथेचे स्वरूप सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही, म्हणून ते थोडक्यात सांगते. अशोक चौकाजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात एक म्हातारा विणकर चादरी विणतो. जकार्डावर, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रावर, मालकाने ठरवून दिलेल्या नक्षीचेच पुठ्ठे चढवलेले असतात, तरीही एखाद्या चादरीच्या किनारीत त्या पुठ्ठ्यांत नसलेली आकृती उमटते. कधी ते बंद दार असते, कधी पाय दुमडून बसलेली शेळी, तर एकदा नुसतेच एक तेलुगू अक्षर. ती चादर ज्याच्या घरी जाते त्याच्याकडे पुढे काही घडते की नाही, हे मी कथेत मुद्दाम सांगितलेले नाही. निम्मी कथा कारखान्याच्या मालाच्या नोंदवहीतील नोंदींच्या रूपात आहे. उरलेली निम्मी विणकराच्या आजीच्या तोंडी आहे. कमळाच्या देठातल्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणणाऱ्या भावनाऋषींची कहाणी आमच्या पद्मशाली घरांत ज्या सुरात सांगतात, तो सूर मी तेथे वापरला आहे. एकूण शब्द साधारण ३,९०० भरतात.

ही कथा मी चार ठिकाणी पाठवली. एका वाङ्मयीन नियतकालिकाने कळवले की लेखन चांगले असले तरी ही कथा नसून ललित लेख वाटतो. रहस्यकथांच्या एका दिवाळी अंकाने शेवटी उकल द्यावी आणि थोडे भय वाढवावे, असे सुचवले. तिसऱ्या ठिकाणच्या संपादकांनी अत्यंत सौजन्याने दूरध्वनी करून विचारले, "यामागचे वैज्ञानिक तत्त्व कोणते?" मला उत्तर देता आले नाही, कारण तसे तत्त्व नाहीच. चौथ्या ठिकाणाहून चौदा महिने झाले तरी होकार नाही आणि नकारही नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. अशा कथेला मराठीत खरोखर जागा कोठे आहे? सोबतच्या पत्रात तिला काय म्हणावे? आणि प्रत्येक संपादकाच्या उत्तरासाठी वर्ष वर्ष जात असेल, तर एकाच वेळी दोघा-तिघांकडे ती पाठवणे गैर ठरेल का?

जुळे सोलापूर (उत्तर)

ताई, पहिल्या प्रश्नापुरते माझे एकच सांगणे आहे. अंकांची नावे कोणाला विचारण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा जवळच्या कोणत्याही वाचनालयात जाऊन गेल्या दोन-तीन वर्षांचे दिवाळी अंक मागून घ्या आणि त्यांतल्या केवळ कथा वाचा. अनुक्रमणिकेवर जाऊ नका, कारण तेथे सगळ्यांवर 'कथा' एवढाच शिक्का असतो. ज्या अंकात उकल न देता थांबलेली एक तरी कथा सापडेल, त्या अंकाच्या संपादकांचे नाव टिपून ठेवा. मी स्वतः कविता लिहितो, त्यामुळे याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही.

मुद्रितशोधक

पुण्यात दिवाळी अंकांची मुद्रिते तपासण्याचे आणि संपादकांच्या हाताखाली मदत करण्याचे काम मी एकोणीस वर्षे केले, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो. आपल्या कथेबद्दल वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे प्रथम आले ते वेळापत्रक आणि पानांचा हिशेब. वाङ्मयप्रकाराचा विचार त्यानंतर आला.

का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेची मोठी उलाढाल वर्षातून एकदाच होते. तरीही बराच काळ मासिकेही जोरात होती. 'सत्यकथा' मासिकाकडे आलेली कथा संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन सविस्तर पत्रासह परत पाठवत, लेखक ती पुन्हा लिहून धाडत असे, आणि हे दोन-तीनदाही होत असे. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. वर्षभर कथेवर बोलत राहणारे असे टेबल उरले नाही आणि सगळा भार दिवाळी अंकांवर आला. त्याचा परिणाम असा, की एका संपादकाचा नकार म्हणजे लेखकाचे एक वर्ष. आपले चौदा महिने त्यातूनच आलेले आहेत. त्यात आपल्या कथेचा दोष असेलच असे नाही.

आता त्या वर्षाच्या आत काय चालते ते पाहू. अंक दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी बाजारात जायचा, म्हणजे सप्टेंबरात छपाई सुरू व्हायला हवी, आणि त्यासाठी जुलैअखेर मजकूर ठरलेला हवा. मान्यवरांना पत्रे मार्च-एप्रिलमध्येच गेलेली असतात. न मागवता आलेली कथा निवांतपणे वाचली जाण्याचा काळ एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा. ऑगस्टमध्ये येणाऱ्या कथेचे पाकीट पुष्कळदा दिवाळीनंतरच फुटते. आपण आपली कथा कोणत्या महिन्यात पाठवली होती, ते जरूर पाहा.

आमच्याकडे चार फायली असत. त्यांवर 'कथा', 'ललित', 'लेख' आणि 'पाहू' असे लिहिलेले होते. आपल्यासारख्या कथा 'पाहू'मध्ये जात. ती फाईल सर्वांत शेवटी उघडली जाई, म्हणजे जाहिराती पक्क्या होऊन अंकाचे फॉर्म बांधले जात असताना. फॉर्म म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा गठ्ठा. हिशेब बसवताना सात पाने उरली, तर सात पानांचा मजकूर हवा असतो, आणि त्या वेळी कथा गूढ आहे की ललित, हा वाद कोणी घालत नाही. या फायलीतून निघून छापल्या गेलेल्या काही कथा पुढे त्या अंकातल्या सर्वांत चांगल्या म्हणून वाखाणल्या गेल्या. पण त्या सहा-सात पानांच्या होत्या. दोन रकान्यांच्या पानावर ३,९०० शब्द साधारण आठ-नऊ पाने खातील. आपल्याला कथेला धक्का न लावता तीन हजारांच्या आसपास येता आले, तर पाहा. न जमल्यास हट्ट धरू नका.

त्याहून महत्त्वाची शंका अशी. आपण नोंदवहीचे पान कोष्टक करून, उभ्या-आडव्या रेघा मारून लिहिले आहे का? तसे असेल तर अक्षरजुळणी करणाऱ्याच्या दृष्टीने ती कथा म्हणजे डोकेदुखी आहे. दोन रकान्यांच्या पानात पाच खणांचे कोष्टक मावत नाही, ते पान ओलांडताना तुटते, आणि युनिकोडमधला मजकूर छपाईच्या फाँटमध्ये बदलताना खण एकमेकांत शिरतात. "ही कथा नसून ललित लेख वाटतो" या वाक्यामागे कधी कधी इतके साधे कारण असते, आणि संपादक ते पत्रात लिहीत नाहीत.

पत्राविषयी. "ही कथा कोणत्याही प्रकारात बसत नाही" हे वाक्य कृपया लिहू नका. लेखकाला त्यात आपले वेगळेपण दिसते, परंतु संपादकाला पुढची कटकट दिसते. आपण वर पहिल्या परिच्छेदानंतर जे लिहिले आहे, म्हणजे विणकर, पुठ्ठ्यांत नसलेली आकृती आणि नोंदवही, तेवढे दोन वाक्यांत लिहा, शब्दसंख्या द्या, कथा अप्रकाशित असल्याचे सांगा आणि थांबा. प्रकार ठरवण्याचे काम संपादकाला करू द्या. त्याला ते आवडते.

नावे हवीच असतील तर 'मौज', 'अक्षर', 'मुक्त शब्द' आणि 'साधना' यांचे दिवाळी अंक आधी वाचावेत, असे मी म्हणेन. 'धनंजय'ची ओळख रहस्य, भय आणि विज्ञानकथांची आहे. तेथील वाचक उकलीसाठी पैसे मोजतो, त्यामुळे तेथे आपली कथा नाकारली गेली तर राग मानण्याचे कारण नाही. अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी' या मासिकांबरोबर अद्भुतासाठी 'नवल' वेगळे काढले, यातच एका संपादकाने वाचकांचे किती नेमके गट ओळखले होते ते दिसते. आपली कथा जुन्या 'नवल'च्या उंबऱ्यावरची आहे, असे मला वाटते.

बार्शीकर

मुद्रितशोधकांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण त्यातून निघणारा सल्ला मला मान्य नाही. सोळा पानांच्या फॉर्मसाठी नऊशे शब्द कापावेत आणि संपादकाच्या उरलेल्या पानांत आपली कथा बसावी म्हणून वाट पाहावी, हे लेखकाने का करावे? १९५०च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) करून काढले, ते याच कारणासाठी. प्रस्थापित मासिकांच्या टेबलावर आपल्याला जागा नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, तेव्हा त्या सविस्तर पत्रांबद्दल सर्वांनाच जिव्हाळा नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

ताईंनी दिवाळी अंकांच्या रांगेत उभे राहण्याऐवजी वर्षभर निघणाऱ्या वाङ्मयीन नियतकालिकांकडे पाहावे. 'अनुष्टुभ' किंवा मंगेश नारायणराव काळे यांचे 'खेळ' यांसारख्या अंकांचे वाचक थोडे असले तरी तेथे कथेने कथेसारखेच दिसावे, असा आग्रह नसतो. शिवाय 'ऐसी अक्षरे'सारखी संकेतस्थळे आपले दिवाळी अंक आंतरजालावरच काढतात. तेथे फॉर्म नाही, रकाना नाही, आणि नोंदवहीचे कोष्टक हवे तसे दाखवता येते. मानधनाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

स्पर्धा हाही एक मार्ग आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यांना नाव लपवायचे होते, आपल्याला तर लपवण्याइतके नावच नाही, त्यामुळे आपली सोय आधीच झालेली आहे. ताईंची कथा विज्ञानाच्या स्पर्धेत चालणार नाही हे उघड आहे, परंतु खुल्या कथास्पर्धा अनेक ठिकाणी होतात आणि तेथे परीक्षकापुढे फक्त कथा असते.

कांडीवाली

मुद्रितशोधक, आपली शंका खरी निघाली. माझी नोंदवही पाच खणांच्या कोष्टकातच होती, आणि ती सुबक दिसावी म्हणून मी एक अख्खा रविवार घालवला होता. कथा पाठवल्याची तारीखही पाहिली. १९ ऑगस्ट. यावर मी काही बोलत नाही.

काल रात्री एक नोंद मोडून पाहिली. आधी तारीख, नग, माप, गिऱ्हाईक आणि शेरा असे खण होते. आता ती अशी झाली आहे:

"नारळी पौर्णिमा. रथाच्या दिवशी कारखाना अर्धा वेळ. डबल चादर, नग एक, साठ बाय नव्वद, रंग मेंदी. गिऱ्हाईक विजापूर वेशीचे, नाव सांगितले नाही. किनारीस डावीकडे दार, बंद. पुठ्ठे तपासले, दार नाही. चादर बदलून घ्या म्हटले, नाही म्हणाले."

लिहिल्यावर लक्षात आले की कोष्टकात असताना "नाही म्हणाले" हे शब्द शेऱ्याच्या खणात मावत नव्हते, म्हणून मी ते गाळले होते. आता ते आले आणि नोंद मला पूर्वीपेक्षा बरी वाटते. अशा एकवीस नोंदी आहेत. सगळ्या मोडल्यावर कथा ३,४०० शब्दांवर येईल असा अंदाज आहे, तेही काही न कापता, कारण खणांची शीर्षके आणि खणांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द लिहावे लागत नाहीत.

बार्शीकर, आपला मुद्दा मला पटतो. पण माझ्या आईला अंक हातात धरून वाचता यावा, ही माझी इच्छा आहे. ती पडद्यावर वाचत नाही.

दुभाषी

मी मराठीतून इंग्रजीत कथा अनुवादित करते, म्हणून येथे कोणी न काढलेला एक मुद्दा मांडते. अशा लेखनाला इंग्रजीत अनेक वर्षांपासून नाव आहे आणि बाजारही आहे. वास्तववादी कथा आणि विज्ञान-अद्भुतकथा यांच्या मधल्या पट्ट्यातील लेखनासाठी ब्रूस स्टर्लिंग यांनी १९८९ साली 'स्लिपस्ट्रीम' हा शब्द वापरला आणि तो रुळला. अमेरिकेत १९९६ पासून निघणाऱ्या एका छोटेखानी अंकाचे नावच 'लेडी चर्चिल्स रोझबड रिस्टलेट' असे आहे. त्या नावाचा अर्थ विचारू नये, पण आतल्या कथा कोणत्या जातीच्या असतील याची कल्पना त्यावरून येते. 'स्ट्रेंज होरायझन्स' हे २००० साली सुरू झालेले संकेतस्थळ अद्भुताची व्याख्या सैल ठेवते. त्यांनी 'आमच्याकडे वारंवार येणारी कथानके' अशी एक यादी प्रसिद्ध केली आहे; ती वाचली तर कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्याचे दोन-तीन भ्रम दूर होतात. त्यांचेच 'समोवार' हे भावंड २०१७ पासून केवळ अनुवादित कथा-कवितांसाठी आहे आणि तेथे अनुवादाबरोबर मूळ भाषेतील पाठही दिला जातो. म्हणजे ताईंची मराठी तेथे मराठीतच दिसेल. भारतीय उपखंडाशी नाते असलेल्या कथांसाठी २०१० पासून चाललेले 'आउट ऑफ प्रिंट' आहे, तेही पाहावे.

अशी ठिकाणे शोधण्यासाठी इंग्रजी लेखक 'सबमिशन ग्राइंडर' नावाचे विनामूल्य संकेतस्थळ वापरतात. कथेचा प्रकार, शब्दसंख्या आणि मानधन सांगितले की ते खुल्या असलेल्या अंकांची यादी देते, आणि लेखकांनी स्वतः भरलेल्या नोंदींवरून कोणता अंक किती दिवसांत उत्तर देतो तेही दाखवते. मराठीत असे काही असते, तर आपल्याला चौदा महिन्यांचे इतके आश्चर्य वाटले नसते. मानधनाबद्दल सांगायचे, तर अमेरिकेतील विज्ञान आणि अद्भुतकथा लेखकांची संघटना शब्दाला ८ सेंट हा व्यावसायिक दर मानते. छोट्या अंकांत त्याहून पुष्कळ कमी मिळते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. कथा आधी मराठीत छापून आली असली तरी तिचा इंग्रजी अनुवाद बहुतेक ठिकाणी नवा धरला जातो. मात्र तोच अनुवाद आपल्या फेसबुकवर टाकला, तर तो प्रकाशित समजला जातो. दुसरे असे, की 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञान आणि अद्भुतकथांच्या इंग्रजी मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा घेणेच थांबवावे लागले, आणि तेव्हापासून पुष्कळ अंक याबद्दल स्पष्ट हमी मागतात. अनुवाद यंत्राकडून करून घेऊन पाठवू नये. "नाही म्हणाले" या दोन शब्दांचे यंत्र काय करील, ते मी पाहिले आहे. त्याने चादरीलाच बोलायला लावले.

मुद्रितशोधक

बार्शीकरांचा राग मला समजतो आणि तो रास्तही आहे. कापण्याचा सल्ला मी मागे घेतो, कारण ताईंनी न कापताच पाचशे शब्द वाचवले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. एकच कथा दोन दिवाळी अंकांना कळवल्याशिवाय पाठवू नये. इंग्रजी अंकांत काही जण एकाच वेळी अनेकांकडे पाठवण्याला मुभा देतात आणि तसे नियमांत लिहितात. आपल्याकडे नियम लिहिलेले नसतात, पण दोन्ही अंक एकाच पंधरवड्यात स्टॉलवर येतात आणि एकच कथा दोहोंत निघाली, तर दोन्ही संपादक ते वर्षानुवर्षे विसरत नाहीत. मी असे दोनदा पाहिले आहे. उलट, ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास कथा मागे घेत असल्याचे कळवून दुसरीकडे पाठवणे पूर्णपणे सभ्य आहे. ती मुदत पहिल्याच पत्रात लिहून टाकावी. एप्रिलमध्ये पाठवल्यास "जूनअखेरपर्यंत वाट पाहीन" एवढे वाक्य पुरते. चौथ्या ठिकाणाला आजच तसे पत्र पाठवा.

कांडीवाली

आपल्या सांगण्याप्रमाणे काल सकाळी त्यांना कथा मागे घेत असल्याचा ईमेल पाठवला. चौदा महिने गप्प असलेल्या त्या कचेरीतून दोन तासांत उत्तर आले. "आपली कथा विचाराधीन आहे, कृपया मागे घेऊ नये." तारीख नाही, अंक कोणता तेही नाही. त्यांच्याकडे जुनी, कोष्टकवाली प्रत आहे. आता थांबावे की नाही?

मुद्रितशोधक

'विचाराधीन' म्हणजे 'पाहू'. आभार मानून नवी प्रत पाठवा, जुनी रद्द समजावी असे ठळक लिहा आणि कोणत्या अंकासाठी, हे येत्या पंधरा दिवसांत कळवण्याची विनंती करा. त्या मुदतीत अंकाचे नाव आले तर थांबा, अन्यथा सोळाव्या दिवशी कथा दुसरीकडे जाऊ द्या. आणि नव्या प्रतीत "साठ बाय नव्वद"पुढे 'इंच' लिहायचे राहिले आहे, तेवढे पाहून घ्या.